एकच स्की, चार प्रकारचा बर्फ: ऑल-माउंटन स्की निवडायची कशी?

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी आजचा एपिसोड इथे लिहून देतोय. वर्षभर येऊर आणि सह्याद्री पालथा घालणारी आपल्या नौपाड्यातली, डोंबिवलीतली मंडळी हिवाळ्यात गुलमर्ग नाहीतर औलीचं तिकीट काढतात. तिथे भाड्याच्या दुकानात रांगेनं उभ्या स्की दिसतात आणि प्रश्न पडतो, यातली घ्यायची कुठली?

आधी आरिफ खानचं उदाहरण घेऊ. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू, काश्मीरचाच. तो स्लॅलम आणि जायंट स्लॅलम अशा दोन प्रकारांत उतरला होता. नियमानुसार पुरुषांसाठी पहिल्याची स्की किमान १६५ सेंटिमीटर लागते आणि दुसऱ्याची किमान १९३. माणूस तोच, पण काम बदललं की स्की बदलली. ऑल-माउंटन स्की याच्या बरोबर उलट असते. ती एकाही कामात पहिली येत नाही, पण सगळ्यांत पास होते. म्हणून ‘सगळ्यात भारी कुठली’ हा प्रश्नच सोडून द्या. ‘माझा दिवस कुठल्या बर्फावर जाणार’ असं विचारा.

गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर आहे आणि गोंडोलाचा दुसरा टप्पा तुम्हाला अफरवटवर ३,९०० मीटरच्याही वर नेतो. म्हणजे एकाच दिवसात वर भुसभुशीत ताजा बर्फ, खाली दाबून सपाट केलेला, सकाळी काचेसारखा कडक आणि दुपारी उन्हानं पाणावलेला. या चारही ठिकाणी एकच जोडी चालवायची आहे.

आता स्कीवर छापलेले आकडे वाचू. समजा १३०-९०-११५ लिहिलंय. हे मिलिमीटर आहेत: पुढचं टोक, कंबर आणि शेपूट. आपल्या कामाचा आकडा मधला, कंबरेचा. स्वयंपाकघरातली सुरी आणि उलथनं आठवा. कडक बर्फात धार रुतवायची असते, तिथे अरुंद स्की सुरीसारखी पटकन कलते. भुसभुशीत बर्फात वजन पसरायचं असतं, तिथे रुंद स्की उलथन्यासारखी वर तरंगते. पण रुंद स्कीवर पावलाचा मध्य धारेपासून लांब पडतो, त्यामुळे कडक बर्फावर ती कलवायला गुडघ्याला जास्त जोर लावावा लागतो. इंजिनिअरच्या भाषेत हा शुद्ध ट्रेड-ऑफ आहे.

ढोबळ हिशोब असा: ८० च्या आत सपाट केलेल्या उतारांसाठी, ८० ते १०० ऑल-माउंटन आणि १०० च्या पुढे पावडरसाठी. बहुतेक वेळ दाबलेल्या उतारावर जाणार असेल, तर ८० ते ८८ पुरेत. वळणं नीट जमतात आणि गोंडोलाच्या वरच्या बर्फाचीही हौस आहे, तर ८८ ते ९६. पहिल्यांदाच जाताय? मग दुकानदारानं कितीही आग्रह केला तरी १०५ ची घेऊ नका.

दुसरा आकडा त्रिज्येचा. ‘१६ मीटर’ लिहिलं असेल तर ती स्की स्वतःहून साधारण तेवढ्या वर्तुळात वळू बघते. आकडा लहान तर वळण छोटं, मोठा तर लांबलचक. १५ ते १८ हा मधला सोयीचा पट्टा.

तिसरी गोष्ट आकाराची. स्की जमिनीवर ठेवून बाजूनं बघा. पायाखालचा भाग किंचित उचललेला दिसला तर तो कॅम्बर, कडक बर्फावरची पकड त्यातून येते. टोक लवकर वर वळत असेल तर तो रॉकर, त्यानं टोक ताज्या बर्फात घुसत नाही. ऑल-माउंटनला दोन्ही हवेत: पुढे रॉकर, पायाखाली कॅम्बर.

लांबी? उभी धरल्यावर नवख्याची हनुवटीपर्यंत, थोडं जमणाऱ्याची नाक ते कपाळ. वजन कमी असेल तर थोडी आखूडच बरी.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि याचं स्कीच्या रंगाशी काही देणंघेणं नाही: बाइंडिंग. पडल्यावर बूट सोडवणारी ही यंत्रणा. तिचा आकडा तुमचं वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळव्याची लांबी यांवरून ठरतो. इथे लाजून वजन कमी सांगितलं तर बूट नको तेव्हा सुटू शकतो. ‘मला येतं’ म्हणून फुशारकी मारली तर पडल्यावर तो सुटणारच नाही आणि पिळा थेट गुडघ्याला बसेल. मित्राच्या बाइंडिंगचा आकडा कॉपी-पेस्ट करू नका. बूट बदलला तर जुळणी पुन्हा करून घ्या, कारण सगळे तळवे सगळ्या बाइंडिंगमध्ये बसत नाहीत.

खर्चाचं म्हणाल तर वर्षातून एक आठवडा जाणाऱ्यानं स्की भाड्यानंच घ्यावी. फारच हौस असेल तर आधी स्वतःचे बूट घ्या. बूट चावला तर भारीतली स्कीही फुकट जाते.

आणि एक. ऑल-माउंटन म्हणजे ‘कुठेही जा’ असा परवाना नव्हे. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर दगावले. ठरलेल्या उताराबाहेर जायचं तर माहीतगार गाइड, सिग्नल यंत्र, फावडं आणि शोधकाठी हवी, आणि ती वापरायचा सरावही हवा. कंबर ९० असो की ११०, हिमस्खलनाला फरक पडत नाही.

तर दुकानात उभं राहिलात की चार गोष्टी बघा: कंबर, लांबी, पायाखालचा कॅम्बर आणि बाइंडिंगचा आकडा. रंग शेवटी. जाणाऱ्या मित्राला हा एपिसोड नक्की पाठवा.