बोबडे बोल आणि घरची बोली

लहान मुलाच्या बोबड्या बोलांचे कौतुक कोणाला नसते? मूल ‘काका’ला ‘ताता’ म्हणते, ‘गाय’ची ‘दाय’ करते आणि सारे घर हसते. पुढे आपणही त्याच्याशी तसेच बोलू लागतो. पण हे कौतुक कुठवर करायचे आणि काळजी कधी करायची? आमच्या भंडारा जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. तो म्हणजे बोलीचा.

साकोली, लाखनी, लाखांदूरकडे घरोघरी झाडीबोली बोलतात. तिच्यात ‘ण’ नाही, ‘ळ’ नाही, ‘श’ही नाही. पाणी ‘पानी’ होते, डोळ्याचा ‘डोरा’ होतो. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीच्या अभ्यासासाठी आयुष्य वेचले. तरीही शाळेत ती ‘अशुद्ध’च ठरत आली. पहिलीत माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाने ‘पानी’ म्हटले म्हणून छडी खाल्ली आणि वर्षभर वर्गात तोंड उघडले नाही. त्याच्या जिभेत कसलाही दोष नव्हता. तो आपल्या आईसारखे बोलत होता, इतकेच!

याच्या उलट प्रकारही मी पाहिला आहे. ओळखीतल्या एका घरचा नातू पाच वर्षांचा झाला तरी ‘क’ला ‘त’ आणि ‘ग’ला ‘द’ म्हणायचा. आजी म्हणायची, “होईल बाबू, याचा बापही उसिराच बोलला.” सोबतची मुले चिडवू लागली, तसा तो खुणांनी बोलू लागला. तेव्हा कुठे आईवडील त्याला तपासणीला घेऊन गेले. कान ठीक निघाले. मग वाचा-उपचार सुरू झाले : आरशापुढे तोंड उघडून बसणे, चित्रांचे खेळ, रोज थोडा थोडा सराव. आता एकेका शब्दात त्याला ‘क’ जमतो, भरभर बोलताना अजून निसटतो. पण खुणा थांबल्या आहेत.

मग बोली कोणती आणि दोष कोणता, हे ओळखायचे कसे? दूरचे एक उदाहरण घेऊ. फ्रेंच भाषेत मांजराला ‘शा’ म्हणतात. तिथली कितीतरी चिमुकली ‘सा’ म्हणतात, कारण ‘श’ त्यांना उशिरा साधतो. झाडीपट्टीतही मूल ‘श’चा ‘स’ करते. पण इथे त्याचे आजोबाही ‘स’च म्हणतात! तेव्हा कसोटी पुस्तकाची नव्हे, घराची. घरातली मोठी माणसे सहज उच्चारतात तो ध्वनी मुलाला वयानुसार येतो की नाही, हे पाहायचे.

2018 साली 27 भाषांतील अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. फ्रेंच त्यात होती, मराठी नव्हती. बहुतेक व्यंजने मुले पाच वर्षांपर्यंत आत्मसात करतात, असे त्यात दिसले. साधारणपणे दोन वर्षांच्या मुलाचे निम्मे बोलणे, तीन वर्षांच्या मुलाचे पाऊण आणि चार वर्षांच्या मुलाचे जवळजवळ सगळे बोलणे परक्या माणसालाही कळायला हवे. तसे नसेल, तर आधी कान तपासावेत. जे नीट ऐकू येत नाही, ते नीट बोलता कसे येणार? टाळू दुभंगलेली नाही ना, हेही पाहावे. बोबडेपणा वेगळा आणि अडखळत बोलण्याचा तोतरेपणा वेगळा, हेही ध्यानात ठेवावे. जिभेला वेखंड चोळून उच्चार सुधारत नाहीत.

मदत फार लांब नाही. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आरोग्य पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुले तपासायची असतात. ऐकण्यातला दोष आणि बोलण्यातला उशीर या दोन्ही गोष्टी त्या तपासणीत येतात. पथक येईल तेव्हा आपली शंका आईने स्वतःहून बोलून दाखवावी.

घरी मात्र ‘असे नाही, असे म्हण’ असा धोशा लावू नये. मूल ‘दाय आली’ म्हणाले, तर ‘हो, गाय आली’ असे सहज म्हणावे आणि पुढचे ऐकावे. दोष असेल तर उपचार हवेत, बोली असेल तर मान हवा. दोन्ही वेळी हसणे तेवढे नको. उच्चार सावकाश सुधारतील. पण बोलायची एकदा लाज बसली, तर ती घालवणे फार कठीण जाते.