लहान पक्षिसंग्रहालयातील दर्शकानुभव आणि पक्षिकल्याण : पिंपरी-चिंचवडच्या संदर्भात

प्रस्तावना

पिंपरीतील संत तुकाराम नगर हा परिसर यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, महाविद्यालये आणि 2022 पासून मेट्रो स्थानक यांमुळे सर्वांच्या परिचयाचा आहे. येथील कामगार कुटुंबाला सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन जाण्यासारखी ठिकाणे फारशी नाहीत. त्यामुळे थोड्या खर्चात पशुपक्षी पाहावयास मिळतील अशा लहान उद्यानांविषयी या भागात आस्था आहे. महानगरपालिकेने चिंचवडच्या संभाजीनगरात उभारलेले निसर्गकवी बहिणाबाई चौधरी प्राणिसंग्रहालय, लोकांच्या बोलण्यातले ‘सर्पोद्यान’, हे त्यांपैकी प्रमुख. साप, मगरी आणि पक्षी असा त्याचा आटोपशीर संग्रह होता. मागील दशकाच्या उत्तरार्धात नूतनीकरणासाठी ते दर्शकांना बंद करण्यात आले व पुढे अनेक वर्षे बंदच राहिले. संग्रहालय पुन्हा केव्हा खुले होणार, एवढाच प्रश्न या काळात सर्वत्र विचारला गेला. खुले झाल्यावर त्यातील पक्ष्यांनी कसे राहावे, या प्रश्नाची मात्र फारशी चर्चा झाली नाही. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाचा विचार केला आहे.

कायद्याची चौकट

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 यात 1991 च्या दुरुस्तीने प्राणिसंग्रहालयांविषयीचे स्वतंत्र प्रकरण समाविष्ट झाले आणि 1992 मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण अस्तित्वात आले. प्राधिकरणाच्या मान्यतेशिवाय प्राणिसंग्रहालय चालविता येत नाही. कलम 38 जे अन्वये प्राण्याला डिवचणे, खाऊ घालणे, आवाज करून त्रास देणे हा दर्शकाचा अपराध ठरतो. आठवड्यातून एक दिवस संग्रहालय बंद ठेवण्याचे बंधनही नियमांत आहे. कात्रजचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असते ते यामुळेच. प्रवेशद्वारावर परत फिरावे लागलेल्या पालकांना ही कर्मचाऱ्यांची सुट्टी वाटते. वस्तुतः ती प्राण्यांची सुट्टी असते.

कल्याण या संकल्पनेचा आधार म्हणून पाच स्वातंत्र्ये सांगितली जातात : भूक-तहान, गैरसोय, वेदना-आजार, भीती यांपासून मुक्तता आणि स्वाभाविक वर्तनाची मोकळीक. ब्रिटनमधील ब्रॅम्बेल समितीच्या 1965 च्या अहवालातून पुढे आलेली ही कल्पना मूळची शेतावरील जनावरांसाठी होती. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या नागराज खटल्यात तिला मान्यता दिली. पहिल्या तीन स्वातंत्र्यांची सोय लहान संग्रहालये बहुधा मनापासून करतात. दाणापाणी वेळेवर असते, पशुवैद्य येऊन जातो. अडचण उरलेल्या दोहोंची आहे आणि तिचा थेट संबंध दर्शकाशी आहे.

पाहणाऱ्याचे अंतर

स्विस प्राणिशास्त्रज्ञ हाइनी हेडिगर यांनी ‘पलायन-अंतरा’ची संकल्पना मांडली. प्रत्येक प्राण्याचे एक ठराविक अंतर असते. माणूस त्याच्या आत आला की प्राणी दूर सरतो. मोकळ्या माळावरील पक्षी असा सरकतो आणि प्रश्न मिटतो. चारही बाजूंनी जाळी असलेल्या, मधोमध ठेवलेल्या पिंजऱ्यात मात्र सरकण्यासाठी मागची बाजूच नसते. एका दर्शकापासून दूर जावे तर दुसऱ्याच्या जवळ जावे लागते. लहान उद्यानांत असा पिंजरा सर्रास आढळतो, कारण त्यात अधिक लोकांना एकाच वेळी पाहता येते.

काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांसमवेत अशाच एका खाजगी पक्षिउद्यानास भेट देण्याचा योग आला. त्याचे नाव येथे महत्त्वाचे नाही. एका मोठ्या पांढऱ्या काकाकुव्याची छाती पूर्णपणे उघडी पडली होती. तो दांडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन मान झोकावीत परत येत होता. समोरची मुले आनंदाने म्हणत होती, “बघ, नाचतोय!” एका गृहस्थांनी रखवालदारास विचारले, “बोलतो का हा?” उत्तर नकारार्थी आल्यावर कुटुंब पुढे गेले. आम्ही तेथे अर्धा तास उभे होतो. तेवढ्या वेळात त्याचा तो फेरा एकदाही बदलला नाही.

तोच तो फेरा आणि स्वतःची पिसे उपटणे ही पोपटवर्गीय पक्ष्यांतील एकटेपणाची व रिकामपणाची ओळखीची लक्षणे आहेत. पिसे त्वचारोगानेही जातात, म्हणून तपासणी आधी हवी. परंतु दर्शकाला जे नृत्य वाटले ते पक्ष्याचे दुःख असू शकते, ही गोष्ट त्याला तेथे कोणीही सांगत नव्हते. शिवाय, शिकार होणाऱ्या जीवांना आजार लपविण्याची सवय असते. पक्षी फुगून, डोळे मिटून बसला म्हणजे पुष्कळदा उशीर झालेला असतो. हे हेरण्यासाठी रोज तोच पक्षी पाहणारा अनुभवी रक्षक लागतो. कंत्राटी पद्धतीने दर काही महिन्यांनी माणसे बदलणाऱ्या व्यवस्थेत हे ज्ञान साचतच नाही. माझ्या मते पिंजऱ्याच्या आकाराइतकाच हा प्रश्न गंभीर आहे.

न दिसणारा पक्षी

‘पैसे दिले आणि काहीच दिसले नाही’ ही दर्शकांची नेहमीची तक्रार आहे. तिच्यामागे पूर्वीच्या पिढीच्या संग्रहालयाची सवय आहे, जेथे प्रत्येक खोक्यात एक प्राणी हमखास दिसे. मुंबईच्या राणीच्या बागेत 2020 मध्ये खुल्या झालेल्या मुक्त विहारातील पक्षिदालनात माणूसच जाळीच्या आत शिरतो आणि पक्षी उंच झाडांत असतात. तेथे पक्षी शोधावा लागतो. शोधून सापडलेला पक्षी मुलाच्या अधिक लक्षात राहतो, असे अध्यापनाच्या अनुभवावरून म्हणावेसे वाटते.

एवढे मोठे दालन लहान संग्रहालयास परवडणार नाही, हे मान्य. परंतु पिंजऱ्याच्या तीन बाजू वेलींनी झाकता येतात. बसण्याची दांडी माणसाच्या डोळ्यांपेक्षा उंच ठेवली तर पक्ष्याला सुरक्षित वाटते. एकाच जाडीच्या गुळगुळीत दांड्यांनी तळव्यांना सूज व जखमा होतात. त्याऐवजी पेरू-जांभळाच्या कमीअधिक जाडीच्या फांद्या फुकट मिळतात. खाद्य वाटीत न ठेवता सालीत, गवतात लपविले की पक्ष्याचा दिवस कामात जातो. या औद्योगिक पट्ट्यात आणखी एक गोष्ट विसरता येणार नाही. पक्ष्यांची श्वसनसंस्था वायुकोशांमुळे अत्यंत कार्यक्षम असते व म्हणूनच धूर-धूळ यांना ती लवकर बळी पडते. कोळशाच्या खाणीत कॅनरी पक्षी नेत ते याच कारणाने. वर्दळीच्या रस्त्याला लागून पिंजरे उभारताना याचा विचार झाला पाहिजे.

कोणते पक्षी ठेवावेत, हाही निवडीचा प्रश्न आहे. लहान जागेत दीर्घायुषी, बुद्धिमान काकाकुवा एकटा ठेवण्यापेक्षा थव्याने राहणारे छोटे पक्षी बरे. जखमी होऊन आलेल्या आणि पुन्हा उडू न शकणाऱ्या स्थानिक पक्ष्यांना, वन विभागाच्या अनुमतीने, निवारा देणे त्याहून बरे. अशा पक्ष्याजवळ मांजाची इजा कशी होते हे सांगणारा मराठी फलक असेल, तर संक्रांतीपूर्वी येथे येणाऱ्या मुलांच्या दृष्टीने त्या भेटीला वेगळाच अर्थ येईल.

ज्या कवयित्रीचे नाव या संग्रहालयास दिले आहे, तिने सुगरणीचा खोपा झाडावर पाहिला होता. (तो विणतो नर, हे पक्षिशास्त्र सांगते, पण त्याने कवितेचे काही बिघडत नाही.) पवना-इंद्रायणीच्या काठच्या बाभळींवर पावसाळ्यात असे खोपे आजही पाहता येतात. संग्रहालयाच्या एका भिंतीवर त्या जागांचा नकाशा लावण्यास पिंजऱ्याचीही आवश्यकता नाही.