दाब कोठे मुरतो?

सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा जत तालुका पर्जन्यछायेत येतो. येथे पाणी एक तर भूगर्भातून वर काढावे लागते, नाही तर म्हैसाळ योजनेप्रमाणे कृष्णेतून उचलून टप्प्याटप्प्याने चढवून आणावे लागते. दोन्ही कामे विजेची. मोटेच्या काळी बैलाच्या चालीवरून त्याच्यावरचे ओझे ध्यानात येत असे. तारेवरचे ओझे डोळ्यांना दिसत नाही. ते मोजावेच लागते. त्यासाठी दोन आकडे पुरतात, एक व्होल्टचा व दुसरा अँपिअरचा. या दोहोंतून काय काय निष्पन्न होते, ते आपण पाहू.

व्होल्ट हे विजेच्या दाबाचे माप आणि अँपिअर हे प्रवाहाचे. दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो. तो ओहममध्ये मोजतात. जर्मन शास्त्रज्ञ ओहम याने १८२७ साली आपल्या ग्रंथात हा नियम मांडला. दाबाला प्रवाहाने गुणले की शक्ती मिळते. तिचे माप वॅट. १,००० वॅट शक्ती एक तासभर खर्ची पडली, की आपल्या बिलात एक युनिट चढते.

घरातील शेगडी घ्या. २३० व्होल्टवर ती १,००० वॅट घेत असेल, तर तिच्यातून सुमारे ४.३५ अँपिअर प्रवाह जातो आणि तिचा रोध जवळजवळ ५३ ओहम भरतो. आता दाब १८० व्होल्टवर उतरला असे समजा. रोध साधारण तोच राहतो. म्हणून प्रवाह ३.४ अँपिअरवर येतो आणि शक्ती उरते अवघी ६१२ वॅट. दाब पाचव्या हिश्शाहून थोडाच अधिक घटला, पण उष्णता मात्र पाचांत दोन हिस्से गेली. दाबाबरोबर प्रवाहही घटतो आणि शक्ती ही त्या दोहोंचा गुणाकार, हे त्याचे कारण होय.

आता मळ्यातील पंपाकडे वळू. मीटरपासून विहीर १५० मीटर दूर आहे आणि एक फेजचा पंप १० अँपिअर घेतो आहे. वीज जाते तशी परतही येते. तेव्हा तारेची लांबी ३०० मीटर धरली पाहिजे. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या १,००० मीटर तांब्याच्या तारेचा रोध सुमारे १७ ओहम असतो. अडीच चौरस मिलिमीटरची तार घातली, तर या ३०० मीटरांचा रोध २ ओहम होतो. २ ओहम गुणिले १० अँपिअर, म्हणजे २० व्होल्ट वाटेतच गेले. हे २० व्होल्ट गुणिले १० अँपिअर, म्हणजे २०० वॅट तार तापविण्यात गेले. रोज आठ तास पंप चालला, तर १.६ युनिट पाण्याचा थेंबही न उपसता खर्च झाले. कूपनलिका असेल, तर तिच्या खोलीइतकी केबल या हिशेबात आणखी मिळवावी लागते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पाटाचे पाणी शेवटच्या शेतापर्यंत जाता जाता जमिनीत मुरते. तारेत प्रवाह तसा मुरत नाही. जेवढा जातो तेवढाच परततो. तारेत मुरतो तो दाब.

शेगडीला दाब कमी मिळाला तर ती फक्त मंद होते. मोटारीचे तसे नाही. तिला पाण्याचे ओझे उचलायचेच असते. दाब कमी पडला की ती प्रवाह वाढवून घेते. १० चे १२ अँपिअर झाले, तर वेटोळ्यांतील उष्णता १.४४ पट होते, कारण उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ज्यूलने १८४१ साली हाच नियम प्रसिद्ध केला. वेटोळ्यांवरचे वेष्टन या उष्णतेने करपते आणि ऐन हंगामात मोटार जळते. पीक उभे असताना चार दिवस पंप बंद राहणे म्हणजे काय, हे जतच्या द्राक्षबागाईतदाराला सांगावयास नको.

मोटारीच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. २३० व्होल्टला १० अँपिअरने भागून येणारे २३ ओहम हा तिच्या वेटोळ्यांचा रोध नव्हे, कारण फिरती मोटार स्वतःच उलट दाब निर्माण करते. तसेच २३० गुणिले १० हे २,३०० सगळे वॅट नव्हेत. त्याला शक्तिगुणकाने गुणावे लागते. तो ०.८ असेल तर खरी शक्ती १,८४० वॅट.

उपाय याच हिशेबात आहे. सहा चौरस मिलिमीटरची तार घातली, तर वरील रोध ०.८६ ओहमवर येतो आणि दाबातील घट नऊ व्होल्टच्या आत राहते. १९६२ साली कोयनेची वीज सुरू झाली, तेव्हा तिच्यासाठी २,२०,००० व्होल्टच्या वाहिन्या उभारल्या गेल्या, त्यामागेही हेच तत्त्व आहे: दाब दसपट केला की तेवढ्याच शक्तीला दहावा हिस्सा प्रवाह पुरतो, आणि त्याच तारेतील नुकसान शंभराव्या हिश्शावर येते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. पंप चालू असताना मीटरपाशी व मोटारीपाशी दाब किती, हे जाणत्या तारतंत्र्याकडून मोजून घ्यावे. दोहोंतील अंतर मोठे असेल तर दोष आपल्या केबलचा. मीटरपाशीच दाब कमी असेल तर दोष पुरवठ्याचा, आणि मग तक्रार आकड्यांनिशी करता येते. नुसते 'लाइट कमी आहे' म्हणणाऱ्यापेक्षा आकडे पुढे ठेवणाऱ्याचे म्हणणे सहजासहजी डावलता येत नाही.