बाळासाठीं टोपीचा स्वेटर

माझ्या बहिणीचा मुलगा आठ महिन्यांचा असतांना मीं त्याच्यासाठीं क्रोशाचा एक स्वेटर विणला. रंग फिकट पिवळा, टांके एकसारखे, टोपीच्या कडेला पांढरी नक्षी. पाहणारा प्रत्येक जण कौतुक करी. परंतु तो अंगांत घालण्याची वेळ आली तेव्हां गळा बाळाच्या कपाळापाशींच अडकला. थोडें ओढून पाहिलें, तों बाळानें घर डोक्यावर घेतलें. शेवटीं ताई म्हणाली, "अग, छातीचें माप घेतलेंस, पण डोकें मोजलेंस का?" मीं डोकें मोजलेंच नव्हतें. तो स्वेटर उसवून मीं पुन्हां विणला, आणि त्या वेळीं जें ध्यानांत आलें तेंच आज वाचकांपुढें ठेवीत आहें. विद्यार्थ्यांनीं हा लेख वाचावा, तसाच घरांतील वडील माणसांनींही वाचावा. कारण यांत विणकामाइतकाच बाळाच्या सुखरूपतेचा विचार आहे.

मोठ्या माणसाचें डोकें त्याच्या उंचीच्या सुमारें आठव्या हिश्शाइतकें असतें. नवजात बालकाचें मात्र चवथ्या हिश्शाइतकें. जन्माच्या वेळीं डोक्याचा घेर साधारणपणें 35 सेंटिमीटर असतो, आणि छातीचा घेर त्याहून एक-दोन सेंटिमीटर कमीच भरतो. वर्षाच्या सुमारास दोन्ही घेर 46 सेंटिमीटरच्या आसपास येऊन सारखे होतात, आणि पुढें छाती डोक्यावर मात करते. म्हणजे पहिल्या वर्षांत बाळाच्या देहाचा सर्वांत मोठा भाग डोकें हाच होय. त्याच डोक्यांतून शरीराची पुष्कळशी ऊब निघून जाते, म्हणून थंडीच्या दिवसांत टोपी हवी. आणि तेंच डोकें गळ्यांतून जावयाचें असतें, म्हणून स्वेटर पुढून उघडा हवा. या दोन गोष्टी ज्यास उमगल्या त्याचें अर्धें काम सुईला हात लावण्यापूर्वींच झालें.

आपल्या आज्या-पणज्यांना हें कोणी शिकविलें नव्हतें. पण त्यांची कुंची पाहावी! खणाची किंवा रेशमाची, डोक्यावर टोपड्यासारखी बसणारी, पाठीवर झूल सोडणारी आणि पुढून उघडी. ती बाळाच्या तोंडावरून ओढावी लागत नाहीं. नुसती मागून पांघरावयाची. टोपीचा स्वेटर म्हणजे बाह्या लाविलेली कुंचीच असें मी समजतें.

हें काम दोन सुयांवरही होतें. मग क्रोशाच कां? दोन सुयांच्या विणकामांत एका वेळीं साठ-सत्तर टांके सुईवर जिवंत असतात. मध्येंच कोणी हांक मारली व एक टांका सुटला, तर तो खालपर्यंत घसरत जातो. क्रोशांत आंकड्याच्या सुईवर बहुतेक वेळ एकच फांसा असतो. तो जरा लांब ओढून ठेवावा आणि खुशाल उठून जावें. चूक झालीच, तर चुकीपर्यंत उसवून तेथून पुन्हां विणतां येतें. नव्यानें शिकणाऱ्या मुलामुलींना ही सोय मोठी आहे. क्रोशांत दोष दोन: लोंकर अधिक लागते आणि कापड कमी ताणतें. म्हणून माप घेतांना सैलपणा मुद्दाम ठेवावा लागतो.

क्रोशे हा शब्द फ्रेंच असून त्याचा अर्थ लहान आंकडा असा आहे. या लहानशा आंकड्यानें एकेकाळीं माणसें जगविलीं आहेत. आयर्लंडांत 1845 पासून बटाट्याचें पीक रोगानें नासून भयंकर दुष्काळ पडला, तेव्हां तेथील स्त्रियांनीं क्रोशाची लेस विणून व विकून कित्येक कुटुंबांचें पोट भरलें. आपल्या गोदावरीच्या दुसऱ्या टोंकास, तिच्या मुखाजवळील नरसापूरच्या परिसरांत, मिशनऱ्यांनीं एकोणिसाव्या शतकांत शिकविलेली लेस आजही हजारों बायका विणतात. असो, आपल्याला लेस विणावयाची नाहीं.

लोंकर घेतांना ती आपल्या गालावर व मानेवर घांसून पाहावी. जी आपल्याला टोंचते ती बाळाला निश्चित टोंचेल. खरी लोंकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक-तृतीयांश ओलावा शोषूनही ओली लागत नाहीं, आणि ती सहजासहजीं पेट घेत नाहीं. बाजारांत अधिक मिळते ती ॲक्रिलिक. ती स्वस्त व धुण्यास सोपी असते, परंतु ज्योत लागली तर वितळून कातडीला चिकटते. औक्षणाच्या निरांजनाजवळ बाळ नेतांना एवढें विसरूं नये. निफाड-नाशिककडे किंवा महाबळेश्वरास लोंकरच हवी. मुंबईच्या व कोंकणाच्या थंडीला मऊ सुती दोरा पुरेसा होतो. केंसाळ, तंतू सुटणारी लोंकर तान्ह्या मुलासाठीं घेऊं नये, कारण ते तंतू नाकातोंडांत जातात.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. खालील माप सहा महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाचें आहे. मध्यम जाडीची लोंकर सुमारें 250 ग्रॅम व 4 मिलिमीटरची सुई घ्यावी. सर्व स्वेटर अर्ध्या खांबाचा करावा. अर्धा खांब म्हणजे असा: सुईवर धाग्याचा एक वेढा घ्यावा, सुई टांक्यांत घालून धागा ओढून आणावा, म्हणजे सुईवर तीन फांसे होतात, पुन्हां वेढा घेऊन तो तिन्ही फांशांतून एकदम काढावा. पूर्ण खांब याहून उंच होतो खरा, पण त्याच्या फटींतून वारा शिरतो, आणि बाळाचीं बोटेंही अडकतात.

प्रथम नमुना विणावा. हें पुष्कळांना वेळेचा अपव्यय वाटतें. मलाही वाटत असे. वीस टांक्यांच्या पंधरा ओळी विणून मधला भाग पट्टीनें मोजावा. 10 सेंटिमीटरमध्यें आडवे 16 टांके व उभ्या 12 ओळी भरल्या पाहिजेत. कोणाचा हात घट्ट असतो व 18 टांके भरतात. दोनच टांक्यांचा तर फरक, असें वाटेल. पण स्वेटरच्या 86 टांक्यांचा घेर मग 54 ऐवजीं जेमतेम 48 सेंटिमीटर होतो, आणि 46 सेंटिमीटर छातीच्या बाळास आंत झबलें घालावयास जागा उरत नाहीं. टांके अधिक भरले तर सुई थोडी जाड घ्यावी, कमी भरले तर बारीक.

अंग खालून वर, एकाच तुकड्यांत विणावें. 88 सांखळ्या घालून सुईपासून तिसऱ्या सांखळींत पहिला अर्धा खांब घालावा, म्हणजे ओळींत 86 टांके होतात. पुढें प्रत्येक ओळीच्या आरंभीं दोन सांखळ्या उंचीसाठीं घ्याव्या. त्या टांक्यांत मोजूं नयेत. अशा 19 ओळी झाल्या कीं कांखेपर्यंतचें सुमारें 16 सेंटिमीटर अंग तयार झालें. तेथून तीन भाग करावे: पुढचे दोन 21-21 टांक्यांचे व पाठीचा 44 टांक्यांचा. पाठ 14 ओळी सरळ विणावी. पुढचा प्रत्येक भाग 10 ओळी सरळ विणून मग गळ्याकडील 8 टांके सोडून द्यावे आणि उरलेल्या 13 टांक्यांवर आणखी 4 ओळी घालाव्या. हे 13 टांके म्हणजे खांदा. ते पाठीच्या दोन्ही बाजूंच्या 13-13 टांक्यांना जोडले कीं मध्यें मानेचे 18 टांके राहतात.

बाहीसाठीं निराळा तुकडा नको. मुंढ्याच्या कडेवरून भोंवतीं 38 टांके उचलावे व मनगटाकडे विणत जावें. दर तिसऱ्या ओळींत दोन टांके कमी करावे, असें पांच वेळां केलें कीं 28 टांके उरतात. एकूण 19 ओळी झाल्या म्हणजे थांबावें व बाहीची शिवण घालावी. मनगट याहून अरुंद करूं नये. बाळ मूठ उघडीत नाहीं, आणि बाहींतून तीच मूठ काढावयाची असते.

टोपी हा या स्वेटरचा आत्मा. गळ्याच्या सर्व कडेवरून 44 टांके उचलावे: दोन्ही पुढच्या भागांवरचे आठ-आठ, उभ्या कडांवरून पांच-पांच आणि मानेचे 18. पण 44 टांक्यांची टोपी साडेसत्तावीस सेंटिमीटर रुंद होईल, आणि ती डोक्यावर चढणार नाहीं. कपाळाच्या कडेपासून मागें डोक्याच्या फुगवट्यापर्यंत एका बाजूस 19 सेंटिमीटर तरी कापड हवें. म्हणून पहिल्याच ओळींत 18 टांके सारख्या अंतरानें वाढवून 62 करावे. माझ्या पहिल्या स्वेटरांत ही वाढ नव्हती, त्यामुळें टोपी घातली कीं स्वेटर पाठीवर वर ओढला जाई आणि गळा आवळे. पुढें 62 टांक्यांवर 24 ओळी विणाव्या. त्यांपैकीं शेवटच्या चार ओळींत, बरोबर मध्यबिंदूच्या दोहों बाजूंस, एकेक टांका कमी करावा. मग 54 टांके उरतात. टोपी मध्यें दुमडून 27-27 टांके वरून जोडावे. टांके कमी न करितां जोडल्यास डोक्यावर शेंडीसारखें टोंक येतें. कित्येकांस तें आवडतें, आणि खरें सांगावयाचें तर तें कुंचीच्या टोंकासारखें गोड दिसतें. पण तें निजतांना टोंचतें अशी तक्रार बाळ करूं शकत नाहीं.

शेवटीं पुढची एक बाजू, टोपीची कड आणि दुसरी बाजू अशी सलग तीन ओळींची पट्टी मुक्या खांबाची, म्हणजे वेढा न घेतां विणलेल्या आंखूड टांक्याची, घालावी. तिच्या मधल्या ओळींत एका बाजूस दोन टांके सोडून दोन सांखळ्या घातल्या कीं बटणाचें काज होतें. अशीं चार काजें पुरेत. सर्वांत वरचें हनुवटीपासून दोन बोटें खालीं असावें. बटणें चपटीं घ्यावीं, पाठीमागें कापडाचा लहान तुकडा ठेवून दुहेरी दोऱ्यानें शिवावीं, आणि प्रत्येक बटण सर्व शक्तीनें ओढून पाहावें. निघालेलें बटण बाळ तोंडांतच घालतें. आंतल्या बाजूचीं धाग्यांचीं टोंकेंही टांक्यांतून ओवून लपवावीं. सुटा धागा इवल्याशा बोटाभोंवतीं गुंडाळला गेला तर रक्त अडतें, व बाळ कां रडतें आहे हें कोणास कळत नाहीं.

टोपीला दोरी घालावी, तिच्या टोंकांना गोंडे लावावे, असा मोह प्रत्येकीस होतो. तो कृपा करून आवरावा. पाळण्याच्या दांडीला, घसरगुंडीच्या फटींत किंवा दारांत ती दोरी अडकून मुलें गुदमरल्याचीं उदाहरणें घडलीं, म्हणून ब्रिटनमध्यें 1976 सालीं मुलांच्या बाहेर घालावयाच्या कपड्यांच्या टोपींत ओढदोरी ठेवण्यास कायद्यानें बंदी झाली. अमेरिकेंतही 1996 सालीं ग्राहक-सुरक्षा आयोगानें टोपी व गळा यांपाशीं दोरी नसावी अशी सूचना काढली. वर सांगितल्याप्रमाणें टोपीचें माप जुळलें असेल तर ती दोरीवांचून डोक्यावर राहते. दोरी ही बहुधा चुकलेल्या मापावरची मलमपट्टी असते.

आणखी एक गोष्ट घरच्या वडिलांच्या कानीं घालावीशी वाटते. बाळ घरांत निजतें तेव्हां हा स्वेटर काढून ठेवावा. निजलेल्या बाळाची टोपी सरकून नाकावर येऊं शकते. शिवाय जास्त झालेली ऊब तें डोक्यावाटेंच बाहेर टाकतें. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनें 2022 सालीं सांगितलें आहे कीं जन्मानंतरचे पहिले कांहीं तास व रुग्णालयांतील विशेष शुश्रूषेचा काळ सोडल्यास घरांत बाळाला टोपी घालून निजवूं नये. आमच्या आजीला हें पटलें नाहीं. "टाळूला वारा लागेल," असें ती म्हणे. तिच्यापुढें वाद न घालतां ताईनें तिचा हात बाळाच्या मानेमागें नेऊन ठेवला. तेथें घाम आला होता. हातपाय गार लागले तरी मान व छाती उबदार असेल तर बाळास थंडी वाजत नाहीं. हें पाहिल्यावर आजीनें आपल्याच हातानें टोपी मागें सारली.

लोंकरीचा स्वेटर कोंबट पाण्यांत, न चोळतां धुवावा. उष्ण पाणी व घांसणें यांनीं लोंकरीच्या तंतूवरचे खवले एकमेकांत गुंततात आणि स्वेटर आटून बाहुलीचा होतो. पिळूं नये, पंचांत गुंडाळून दाबावा व सपाट जागीं सांवलींत वाळवावा, टांगला तर टोपीच्या ओझ्यानें गळा लोंबतो.

दुसऱ्या वर्षीं तो लहान होणारच. तेव्हां प्रथम पट्टी, मग टोपी व बाह्या, शेवटीं अंग, अशा उलट क्रमानें उसवावा. वांकडी झालेली लोंकर सैल लडी करून कोंबट पाण्यांत बुडवावी व खालीं हलकें वजन बांधून वाळूं द्यावी. ती पुन्हां सरळ होते. ताईच्या मुलाचा तो पिवळा स्वेटर आतां दोनदां उसवून तिसऱ्यांदा विणला आहे. या खेपेस त्याची लोंकर कमी पडली, म्हणून बाह्या निळ्या आहेत.