सव्वा पेनीची जागा



दानशूर माणसाचे चरित्र हाती आले की आपली नजर बहुधा शेवटच्या पानांकडे जाते. किती दिले, कोणाला दिले, कोणत्या इमारतीवर नाव कोरले गेले, हे आपण शोधतो. चार्ल्स बियांकोनी यांच्या बाबतीत मला मधली पाने जास्त महत्त्वाची वाटतात. त्यांनी देणग्या पुष्कळ दिल्या. परंतु आयर्लंडच्या गरिबांना त्यांच्याकडून जी सर्वांत मोठी गोष्ट मिळाली, ती पैसे मोजून मिळत होती. ती म्हणजे घोडागाडीतली एक जागा.

बियांकोनींचा जन्म १७८६ साली उत्तर इटलीत, कोमो सरोवराच्या परिसरातील त्रेगोलो या खेड्यात झाला. १८०२ मध्ये चित्रे विकणाऱ्या एका इटालियन व्यापाऱ्याबरोबर हा पोरगा आयर्लंडला आला. इंग्रजीचा गंध नव्हता. सोमवारी सकाळी मालक हातावर चार पेन्या ठेवी आणि चित्रांचा भार देऊन वाटेला लावी. शनिवारी परत यायचे. किंमत बोटांवर दाखवायची. फ्रान्सशी वैर असलेल्या त्या काळात नेपोलियनची चित्रे विकली म्हणून एकदा त्याला पकडून रात्रभर थंडगार चौकीत बसवले होते. बिचाऱ्याला त्यात गुन्हा काय हेही कळले नसावे!

पुढे तो स्वतःच्या हिमतीवर फेरीवाला झाला. पाठीवर जड पेटी घेऊन दिवसाला वीस-तीस मैलांची चाल. त्याच रस्त्याने टपालाच्या बंद गाड्या जात. त्यांत बसत ते पैसेवाले. शेतकरी, मजूर, बाजाराला निघालेल्या बायका, सगळे पायी. मला वाटते, पुढचा सारा व्यवसाय या पायपिटीतून निघाला. गरीब माणसाला कुठे जायचे असते आणि त्याचा किती वेळ वाटेत जातो, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही.

कॅरिक आणि क्लॉनमेल या गावांत चौकटी व मुलामा यांचे दुकान चालवून त्यांनी थोडे भांडवल जमवले. १८१५ मध्ये वॉटर्लूची लढाई झाली, सैन्य घरी परतले आणि लष्करासाठी पाळलेले घोडे दहा-वीस पौंडांना मिळू लागले. करामुळे अनेकांनी घरच्या हलक्या दोनचाकी गाड्याही विकायला काढल्या होत्या. बियांकोनींनी दोन्ही गोष्टी एकत्र आणल्या. जुलै १८१५ मध्ये क्लॉनमेल ते केहिर अशी त्यांची पहिली उघडी गाडी निघाली. अंतर साधारण १० मैल. भाडे पुढे मैलाला सव्वा पेनीच्या आसपास राहिले.

सुरुवातीला गाडी रिकामीच धावे. लोकांना चालायची सवय, शिवाय पैसे देऊन बसायचे म्हणजे चैन! मग त्यांनी एक युक्ती केली. त्याच रस्त्यावर दुसरी, स्पर्धेची गाडी सोडली. तीही त्यांचीच, पण हे चालकांनाही ठाऊक नव्हते. शर्यत लागली, लोक बाजू घेऊ लागले, गाड्या भरल्या. असे सांगतात की एके रात्री त्यांचा चालक धावत आला आणि विरोधकाचा मोठा घोडा आपण दमवून कायमचा निकामी केल्याची बढाई मारू लागला. घोडा बियांकोनींचाच होता, पण चेहऱ्यावर आनंद दाखवणे भाग होते. ही युक्ती मला सगळी पटते असे नाही. त्या घोड्याचा काय अपराध?

१८४३ मध्ये कॉर्क शहरात विद्वानांच्या सभेपुढे त्यांनी आपल्या कामाचा वृत्तान्त ठेवला. तेव्हा त्यांच्याकडे सुमारे १०० गाड्या आणि १,३०० घोडे होते, आणि गाड्या रोज ३,८०० मैल धावत. लांब गाडीत वीस माणसे बसत. पण आकड्यांपेक्षा त्यांनी सांगितलेला एक हिशोब फार बोलका आहे. बाजारपेठेपासून वीस-तीस मैलांवर राहणाऱ्या शेतकऱ्याचा पूर्वी एक दिवस जाण्यात, एक कामात आणि एक परतण्यात जाई. आता तेच काम एका दिवसात उरकू लागले. उरलेले दोन दिवस शेताला मिळाले. पश्चिम किनाऱ्यावरची मासळी ताजी असताना दूरच्या बाजारात पोहोचू लागली. आडगावात आठ-नऊ पेन्यांना मिळणारे यार्डभर सुती कापड तीन-चार पेन्यांवर आले. आडवळणाला राहणाऱ्या माणसाचा माल कवडीमोलाने जातो आणि त्याला लागणारी वस्तू मात्र महाग मिळते, हे आठवडे बाजारासाठी डोंगर उतरणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना समजावून सांगायला नको.

गाड्या रात्री-अपरात्री, निर्जन वाटांनी, टपालाच्या मौल्यवान थैल्या घेऊन जात. तो काळ आयर्लंडमध्ये जमिनीच्या तंट्यांचा आणि दंग्यांचा होता. तरी अठ्ठावीस वर्षांत लोकांनी आपल्या मालाला जराही इजा केली नाही, असे बियांकोनींनी त्या सभेत सांगितले.

नोकरांच्या बाबतीत ते कडक होते. दारू आणि खोटे बोलणे खपत नसे. पण अपघाताने किंवा आजाराने अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा पगार चालू राही आणि मागे राहिलेल्या मुलांच्या शिक्षणाची सोय होई. टपालाच्या गाड्या वगळता रविवारी गाड्या बंद असत. याचे कारण ते दुहेरी सांगत. आयरिश लोक धर्मनिष्ठ, रविवारी कामासाठी प्रवास करत नाहीत. आणि घोडा आठवड्याचे सहा दिवस रोज आठ मैल जितका चांगला चालतो, तितका सातही दिवस रोज सहा मैल चालत नाही. विश्रांतीच्या दिवसाचा असा तबेल्यातला पुरावा मी अन्यत्र वाचलेला नाही.

ते स्वतः कॅथलिक होते. डॅनियल ओ'कॉनेल यांचे ते स्नेही. १८४४ मध्ये क्लॉनमेलचे महापौर झाले. डब्लिनच्या कॅथलिक विद्यापीठाच्या उभारणीला त्यांनी हातभार लावला. दुष्काळाच्या वर्षांत, १८४६ साली, लाँगफील्डची जमीन घेतल्यावर तिथे सुधारणेची कामे काढून लोकांना मजुरी दिली. पाठीवर पेटी वाहिलेला माणूस आता हजारो एकरांचा जमीनदार झाला होता, हेही नमूद केले पाहिजे.

आगगाडी आली तेव्हा अनेकांना वाटले, बियांकोनी संपले. त्यांनी रेल्वेचे भाग विकत घेतले आणि गाड्यांचे मार्ग बदलून जिथे रूळ पोहोचले नव्हते, त्या गावांतून स्थानकापर्यंत माणसे आणायला सुरुवात केली.

१८६५ मध्ये अपघातात त्यांची मांडी मोडली. त्यानंतर त्यांनी धंदा हळूहळू काढून टाकला. मार्ग, घोडे, गाड्या यांना चांगली किंमत देणारे बाहेरचे गिऱ्हाईक त्यांनी शोधले नाही. ज्या ज्या मार्गावर जी माणसे वर्षानुवर्षे काम करत होती, त्यांनाच ते मार्ग सोप्या अटींवर दिले. १८७५ मध्ये ते वारले.