निळ्या पाण्याचा भरवसा

उन्हाळ्याची सुट्टी लागली, की शहरोशहरीच्या जलतरण तलावांवर मुलांची झुंबड उडते. हॉटेले, क्लब, जलक्रीडा उद्याने आणि खासगी प्रशिक्षण वर्ग यांचा हा सुगीचा काळ. पोहणे ही चैन नव्हे, ते जीव वाचविणारे कौशल्य आहे. तेव्हा ही गर्दी स्वागतार्हच म्हटली पाहिजे. शुल्क किती, खोली किती, जीवरक्षक आहे काय, याची चौकशी पालक करतात. मुले ज्या पाण्यात उतरतात त्या पाण्याची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही. पाणी निळे व नितळ दिसले, की ते निर्धोक मानले जाते. हा समज भाबडा आहे. निळाई बव्हंशी तळाच्या फरशीची असते आणि नितळपणा ही वाळूच्या गाळणीची करामत असते. जंतूंचा नायनाट हे निराळेच काम असून त्याची साक्ष डोळे देऊ शकत नाहीत.

ते काम क्लोरीन करतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या शिफारशीनुसार तलावातील एक लिटर पाण्यात निदान १ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असावा आणि पाण्याचा सामू ७ ते ७.८ यांच्या दरम्यान राहावा. सामू म्हणजे पाण्याची आम्लता वा अल्कता दर्शविणारा आकडा. तो ७.५ च्या आसपास असेल, तर मुक्त क्लोरीनपैकी सुमारे निम्मा भाग खऱ्या अर्थाने जंतुनाशक असतो; तो ८ वर गेला, की हे प्रमाण पाव हिश्श्याच्या आसपास उतरते. ब्लीचिंग पावडर स्वतःच अल्कधर्मी असल्यामुळे ती जितकी ओतावी तितका सामू चढतो. म्हणजे मोजमाप न करता नुसती पावडर वाढविणारा चालक औषधाचा खर्च वाढवितो आणि औषधाचा गुण घटवितो.

दुसरा गैरसमज उग्र वासाविषयीचा. वास आला म्हणजे औषध भरपूर आहे, असे पोहणारे समजतात. वस्तुतः घाम, लघवी व अंगावरचा मळ यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन नावाची द्रव्ये बनतात. वास त्यांचा असतो आणि डोळे चुरचुरतात तेही बहुधा त्यांच्यामुळेच. मुक्त क्लोरीन खर्ची पडत चालल्याची ती खूण असते. तलावात उतरण्यापूर्वी अंग धुण्याचा नियम केवळ शिष्टाचारासाठी नाही, तो यासाठी आहे.

व्यापारी तलावांची खरी अडचण येथेच आहे. मालकाचे उत्पन्न माणशी वाढते आणि पाण्याचे प्रदूषणही माणशीच वाढते. सकाळी सहाला योग्य असलेले पाणी चार-पाच तुकड्या पोहून गेल्यावर तसेच राहत नाही. उघड्या तलावात भर दुपारचे ऊनही क्लोरीन झपाट्याने नष्ट करते. म्हणून दिवसातून एकदा औषध टाकून निश्चिंत होणे म्हणजे सकाळच्या नाडीवरून संध्याकाळच्या तापाचे निदान करणे होय.

हयगयीची किंमत काय पडते? केरळात २०२४ साली मे ते जुलै या काळात अमीबाजन्य मेंदूज्वराने तीन मुले दगावली. या व्याधीस बहुधा कारण होणारा नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा कोमट गोड्या पाण्यात वाढतो आणि नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचतो. हा आजार विरळा, परंतु बहुतेक वेळा प्राणघातक. क्लोरीनचे प्रमाण अखंड राखलेल्या तलावात या अमीबाचा निभाव लागत नाही. उलट, अतिसार घडविणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी योग्य क्लोरीन असलेल्या पाण्यातही आठवड्याहून अधिक काळ तग धरतो. तेव्हा जुलाब होत असलेल्या मुलाला घरी ठेवणे, ही जबाबदारी पालकांची. ती कोणतेही औषध पार पाडू शकणार नाही.

हे सारे ज्याच्या हाती असते तो पंपघरातील कामगार बहुधा अल्पवेतनी आणि प्रशिक्षणाविना असतो. आम्ल आणि क्लोरीनयुक्त पावडर एकत्र आली, तर विषारी वायू सुटतो, हेही त्याला कोणी सांगितलेले नसते. त्याच्या हाती पोते देण्यापूर्वी चाचणीची पेटी द्यावयास हवी. नमुन्यात गोळी विरघळवायची आणि आलेली गुलाबी छटा रंगपट्टीशी ताडून पाहायची, एवढीच ही चाचणी. तिला काही मिनिटे पुरतात.

भारतीय मानक संस्थेने जलतरण तलावाच्या पाण्यासाठी मानक आखून दिले आहे. पण कपाटातले मानक पाणी शुद्ध करीत नाही. प्रत्येक तुकडीपूर्वी मोजलेला क्लोरीन, सामू, मोजल्याची वेळ आणि मोजणाऱ्याचे नाव तिकीट खिडकीपाशी फळ्यावर लिहिणे स्थानिक स्वराज्य संस्थांनी बंधनकारक करावे आणि पूर्वसूचनेविना तपासणी करून तो आकडा खरा आहे की नाही, हे पाहावे. ज्या दिवशी फळा कोरा असेल, त्या दिवशी तलाव बंद राहावा. शुल्काचा आकडा ठळक अक्षरांत लिहिणाऱ्या मालकाला आणखी दोन आकडे लिहिणे जड जाऊ नये. आणि जड जात असेल, तर पालकांनी पोराचा हात धरून परत फिरावे, हेच शहाणपणाचे.