जंतुवाणांचे जननिक प्रकारण
एकाच जातीच्या रोगजंतूंचे वाण डीएनएमधील भेदांवरून ओळखण्याची पद्धती. क्षयरोगात तिचे महत्त्व विशेष आहे. कारण रोग ताज्या संसर्गाने झाला की वर्षानुवर्षे सुप्त राहिलेले जंतू पुन्हा प्रबळ झाल्याने, हे सूक्ष्मदर्शकाखाली कळत नाही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथून असंख्य लोक रोज लोकलगाडीने मुंबईस जातात. तेथे केवळ पत्त्यावरून संसर्गस्थान ठरविणे फसवेच. १९९३ मध्ये प्रमाणित झालेली पद्धती आयएस ६११० या डीएनए खंडाच्या स्थानांवर आधारलेली होती. भारतातील, विशेषतः दक्षिणेकडील, अनेक वाणांत हा खंड एकदाच असतो किंवा नसतोच. त्यामुळे ती येथे अपुरी पडली. १९९७ मधील स्पोलिगोप्रकारणात ४३ अंतरखंड तपासतात. मात्र परस्परांशी संबंध नसलेल्या रुग्णांतही त्यांचा आकृतिबंध सारखा निघू शकतो. म्हणून संसर्गाची साखळी ठरविण्यास संपूर्ण जीनोमाचे क्रमनिर्धारण अधिक विश्वसनीय असते.